धनुर्वाताचं विष नसेवर बसायच्या आधी

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र लांबलंय हे मला कळतंय, जागा नसेल तर कापा, पण मधला विषाचा भाग तेवढा कापू नका, कारण सगळा घोळ तिथंच आहे आणि तो भाग कोणी सांगतच नाही.

मी वडगावची. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाले, मग लग्न झालं, आता घरातच नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते. येळ्ळूर रस्त्याला आमची थोडी भातजमीन आहे. यंदा आषाढात लावणी चालू असताना माझ्या सासऱ्यांच्या तळपायात खिळा घुसला. बांधावर जुनी फळी पडली होती, वर चिखल, खाली खिळा, दिसणार कसा. त्यांनी स्वतःच उपटून काढला, पाटाच्या पाण्यात पाय धुतला, चुना-हळद दाबली आणि परत चिखलात उतरले. मी संध्याकाळी बघितलं तर जखम म्हणजे नुसता ठिपका, रक्तसुद्धा नाही. इंजेक्शन घेऊया म्हटलं तर म्हणाले, "काय होत न्हाई गं, असले खिळे लै बघितलेत." आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पण त्यांचीच बाजू घेतली. आत्तींचे निपाणीकडचे भाऊ म्हणे जखमेत तंबाखू चुरून भरतात आणि ते अजून ठणठणीत आहेत. आता ह्यावर काय बोलायचं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी जवळजवळ भांडूनच त्यांना एका दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही, उगाच कोणाला दुखवायचं नाही), तिथं डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होते, ते म्हणाले, "अक्का, चोवीस तासाच्या आत घ्यायला पायजे होतं की, आता तीन दिवस झाले, आता घेऊन काय उपेग?" झालं. सासऱ्यांना तेवढंच हवं होतं, ते चपला घालून बाहेर.

हे पत्र लिहायचं खरं कारण हेच वाक्य आहे. चोवीस तासांचं. मी हे वाक्य शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, तुमच्या वाचकांनीही ऐकलं असणार, आणि सोबत दुसरं, की खिळा गंजलेला असला तरच धनुर्वात होतो. सासऱ्यांना बघायला आलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारला, गंजलेला होता काय? कोणी विचारलं नाही की आधी कधी इंजेक्शनं झालेत काय.

गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यात विष बिष काही नसतं. धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, तो मातीत असतो, शेणात असतो, घोड्या-गुरांच्या आतड्यात असतो, म्हणजे आमच्या सगळ्या शिवारात असतो. ह्या जंतूला हवा चालत नाही. उघड्यावर तो बीजाणू बनून वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, उकळून पण मरेल ह्याची खात्री नाही. खिळा काय करतो, तर माती खोल नेऊन ठेवतो आणि वरचं तोंड लगेच मिटतं, आत ऑक्सिजन नाही, मग बीजाणू जागा होतो. नवाकोरा चकचकीत खिळा असता तरी तेच झालं असतं, बाभळीचा काटा असता तरी. उलट भळाभळा रक्त आलेली उघडी जखम बघून आपण घाबरतो आणि ठिपक्याएवढी जखम बघून निर्धास्त होतो, हे अगदी उलटं आहे. आणि जखमेत माती, शेण, तंबाखू, राख भरणं म्हणजे जंतूला घर बांधून देणं, भाऊ ठणठणीत असले तरी.

जपानचे कितासातो बर्लिनला कॉखच्या प्रयोगशाळेत होते, १८८९ साली त्यांनी हा जंतू वेगळा काढला तो ह्याच गुणांवर. मिश्र जंतूंचं पीक ८० अंशाला तापवलं, बाकीचे मेले, बीजाणू राहिले, मग ते हायड्रोजनमध्ये वाढवले. पुढच्या वर्षी त्यांनी आणि बेरिंगनी मिळून दाखवलं की विष थोडं थोडं पचवलेल्या जनावराच्या रक्तातला सीरम दुसऱ्या जनावराला वाचवतो. १९०१ चं पहिलं मेडिसिनचं नोबेल एकट्या बेरिंगना मिळालं, ते मला अजूनही खटकतं, असो.

आता मुद्दा असा की जंतू स्वतः कुठं जात नाही. तो त्या ठिपक्यातच बसलेला असतो, जखम पिकलेली पण दिसत नाही. जातं ते त्याचं विष. आणि माणूस मारायला हे विष किती लागतं, तर माणसाच्या वजनाच्या एका किलोला साधारण २.५ नॅनोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीडशे नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. ट्यूशनच्या मुलांना मी बासमतीचा दाणा हातावर ठेवून हिशेब घालायला लावला. दाणा धरा वीस मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी नॅनोग्रॅम, भागिले दीडशे, उत्तर येतं एक लाख तेहतीस हजार. एका दाण्याएवढ्या विषात लाखाच्या वर माणसं! मुलं गप्पच झाली. मग एकानं विचारलं, मिस, एवढंसं विष एवढ्या मोठ्या शरीरात बरोबर नसेलाच कसं काय सापडतं? (नस म्हणजे इथं रक्ताची नस नव्हे हां, मज्जातंतू, नर्व्ह. आपण बोलताना दोन्हीला नसच म्हणतो.)

फार चांगला प्रश्न आहे आणि ह्याच्या उत्तराला शंभर वर्षं लागली. १८९८ साली वासरमान आणि ताकाकी ह्या दोघांनी धनुर्वाताचं विष मेंदूच्या लगद्यात कालवलं आणि ते मिश्रण जनावरांना टोचलं, तर जनावरं मेली नाहीत. मेंदूच्या लगद्यानं विष धरून ठेवलं होतं. म्हणजे मेंदूच्या पेशीत असं काहीतरी आहे ज्याला हे विष चिकटतं. पॉल एर्लिख तेव्हा म्हणतच होते की पेशीवर कसल्या तरी साखळ्या असतात, विष त्यांना अडकतं, पुढं त्यांनीच त्याला रिसेप्टर हा शब्द दिला. पण ते काहीतरी म्हणजे नेमकं काय हे कळायला १९५९-६० उजाडलं. व्हॅन हायनिंगन ह्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते गँग्लिओसाइड नावाचं साखर लावलेलं स्निग्ध आहे. अर्धं तेल अर्धी साखर असं समजा, तेलाचा भाग पेशीच्या कवचात रुतलेला आणि साखरेचा भाग बाहेर डोकावणारा. नसेच्या टोकावर ह्या साखरेची गर्दी असते. जीडीवनबी आणि जीटीवनबी ह्या दोन जाती धनुर्वाताच्या विषाला खास आवडतात.

पण नुसत्या साखरेनं कोडं सुटत नव्हतं, कारण साखरेची पकड तशी ढिली असते आणि विष एवढं थोडं असतं की ढिल्या पकडीवर काम भागणार नाही. मग १९८६ साली इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या मॉन्टेकुको ह्यांनी कल्पना मांडली की हे विष दोन हातांनी धरत असणार, एक हात साखरेला आणि दुसरा एखाद्या प्रोटीनला.

हे मी मुलांना आमच्या सीबीटी बसस्टँडवर नेऊन समजावते, म्हणजे मनानं. सकाळी आठची खानापूरची गाडी आठवा. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक धावत जाऊन खिडकीचा गज धरतात. गज धरला म्हणजे गाडीत बसलो असं नाही, हात सुटू पण शकतो, पण गज धरला म्हणजे दाराजवळ तरी राहिलो. ती साखरेची पकड. मग दार उघडतं, आतली माणसं उतरतात, आणि त्या दोन सेकंदात गजवाला दुसऱ्या हातानं दाराची दांडी पकडतो. एकदा दोन्ही हात बसले की मग त्याला कोणाचा बाप खाली उतरवू शकत नाही. एकेका हाताची पकड असते त्याच्या कितीतरी पट दोन्हींची मिळून होते, नुसती दुप्पट नाही.

आता ही गाडी कुठली? तर नसेच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या असतात, व्हेसिकल म्हणतात, त्यात निरोपाचं रसायन भरलेलं असतं. निरोप द्यायची वेळ झाली की पिशवी कवचाला येऊन चिकटते, फुटते, रसायन बाहेर जातं आणि रिकामी पिशवी परत आत ओढली जाते. म्हणजे गाडी येते, प्रवासी उतरतात, गाडी डेपोत जाते. ह्या पिशवीच्या आतल्या अंगाला जी प्रोटीनं असतात ती एरवी बाहेरून दिसतच नाहीत, पिशवी उघडते तेवढा क्षणभरच दिसतात. आणि धनुर्वाताच्या विषाचा सख्खा भाऊ आहे, बोटुलिनम (ह्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूचं विष), तो नेमकी हीच दांडी पकडतो. त्याच्या ए प्रकाराला लागते एसव्ही-टू नावाची दांडी, ती २००६ साली सापडली, बी प्रकाराला लागते सिनॅप्टोटॅग्मिन नावाची. म्हणजे बघा, निरोप बाहेर जायला जे दार आहे त्याच दारानं विष आत शिरतं. जी नस जास्त काम करते तिचं दार जास्त वेळा उघडतं आणि तीच जास्त विष आत घेते. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं होतं त्या जंतूचं.

दांडीचा आकार किती महत्त्वाचा असतो ते पण सांगते. बोटुलिनमच्या बी प्रकारासाठीची जी सिनॅप्टोटॅग्मिनची दांडी आहे, तिच्यात उंदराच्या आणि माणसाच्या मध्ये मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाचा फरक आहे. एकच. तेवढ्यावर माणसाच्या नसेवर बी ची पकड ढिली पडते. म्हणून औषध म्हणून बी प्रकार वापरायचा झाला तर ए पेक्षा पुष्कळच जास्त युनिट द्यावे लागतात. औषध म्हणजे तेच, बोटॉक्स (तो ए प्रकार). पार्लरवाल्यांच्या आधी ते तिरळेपणावर वापरलं होतं, अ‍ॅलन स्कॉट ह्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरांनी, १९८९ साली तिकडं मान्यता मिळाली.

धनुर्वाताचं विष आणि बोटुलिनम दिसायला जवळजवळ सारखे. दोन तुकडे, एक जड एक हलका, मध्ये गंधकाचा एक टाका. जड तुकड्याचं टोक नसेला धरतं, हलका तुकडा म्हणजे कात्री. आत पिशवी आंबट व्हायला लागली, म्हणजे अ‍ॅसिड वाढलं, की जड तुकडा पिशवीला भोक पाडतो, कात्री त्यातून पलीकडं सरकते, टाका सुटतो आणि ती मोकळी. मग ती पिशव्या फोडणारी प्रोटीनं कापत सुटते, निरोप बंद. धनुर्वाताची कात्री आणि बोटुलिनम बी ची कात्री तर एकाच प्रोटीनला एकाच जागी कापतात. १९९२ ला हे सापडलं.

मग रोग एकदम उलटे कसे? बोटुलिनममध्ये माणूस लुळा पडतो, पापण्या मिटतात, मान पडते, आणि धनुर्वातात माणूस ताठ होतो, जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. कात्री एक, कापायची जागा एक, आणि एक लुळा एक ताठ? मुलांना इथं मी पाच मिनिटं विचार करायला देते.

उत्तर परत गाडीतच आहे. बोटुलिनम लोकल गाडीत चढतो, वडगावला उतरतो. म्हणजे स्नायूजवळच्या नसेच्या टोकालाच कात्री चालवतो, हलायचा निरोप बंद, स्नायू लुळा. धनुर्वाताचं विष मात्र बेंगळूरची लांब पल्ल्याची गाडी पकडतं. त्याला स्नायूजवळ जी दांडी लागते ती वेगळी आहे, निडोजेन नावाची प्रोटीनं, ती पिशवीत नसून नसेच्या बाहेरच्या अस्तरात असतात, २०१४ साली लंडनच्या लोकांनी शोधली. ह्या दांडीवरून ते ज्या पिशवीत चढतं ती पिशवी वाटेत आंबट होत नाही, म्हणून कात्री मध्ये कुठं उतरत नाही, आणि नसेच्या आतल्या रुळावरून उलट्या दिशेनं ते थेट पाठीच्या कण्यापर्यंत जातं. तिथं एक नस सोडून दुसऱ्या नसेवर उडी मारतं. ती दुसरी नस कोण, तर ब्रेकची नस. ग्लायसिन आणि गाबा सोडून स्नायूंना 'बास आता' म्हणणारी. तिथं पिशवी आंबट होते आणि कात्री तो ब्रेक कापते. ब्रेक गेला की सगळे स्नायू एकदम ओढायला लागतात, हात वाकवणारा पण आणि सरळ करणारा पण. भांडं पडल्याचा आवाज, दिव्याचा उजेड, एवढ्यानंही झटका येतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो. माझी आजी सांगायची, त्यांच्या गल्लीत एकाला झालं होतं तेव्हा घरच्यांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या आणि गोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या होत्या. आजही ह्या पेशंटला शांत अंधाऱ्या खोलीतच ठेवतात, फक्त जोडीला व्हेंटिलेटर असतो.

निडोजेनच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. त्यांनी निडोजेनचाच छोटा तुकडा विषाबरोबर उंदरांना दिला, विषाचा हात त्या तुकड्यातच गुंतला आणि उंदीर वाचले. पण विष नसेवर बसायच्या आधी गुंतलं म्हणून. बसल्यावर नाही.

आणि साहेब, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. बसायच्या आधी आणि बसल्यानंतर, ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दवाखान्यात जे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात, इम्युनोग्लोब्युलिन, ते रक्तात आणि जखमेत मोकळ्या फिरणाऱ्या विषालाच पकडतं. जे नसेवर बसलं, गाडीत चढलं, त्याला जगातलं कुठलंही औषध उतरवू शकत नाही. जंतू मारायचं औषध जंतू मारेल, विष तसंच राहील. मग काय करायचं, तर श्वास चालू ठेवायचा आणि नसेला नवीन टोकं फुटायची वाट बघायची, त्याला आठवडे लागतात, कधी महिने.

लस ह्याच्या आधीचं काम करते. विष फॉर्मॅलिनमध्ये घालून निकामी करायचं (तेच फॉर्मॅलिन, कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक ठेवायला असायचं), विषाचा आकार राहतो पण दम जातो. फ्रान्समध्ये १९२४ च्या सुमारास हे जमलं, टॉक्सॉइड म्हणतात, टीटी मधला दुसरा टी तोच. शरीर त्या आकारावर अँटिबॉडी बनवतं, ती अँटिबॉडी खऱ्या विषाच्या नेमक्या धरणाऱ्या हातावर जाऊन बसते. हातालाच कोणी धरून ठेवलं तर गज पकडणार कशानं?

आता चोवीस तासांचं बघा. विष तयार होऊन लक्षणं दिसायला तीन ते एकवीस दिवस लागतात, बहुतेक वेळा आठवडाभर. पायाच्या जखमेला जास्त, चेहऱ्याच्या जखमेला कमी, कारण गाडीला अंतर कापायचं असतं ना, तळपायापासून कण्यापर्यंत मीटरभर. म्हणजे तिसऱ्या दिवशी 'आता उपेग नाही' म्हणणं साफ चूक. लवकर घेतलेलं केव्हाही चांगलं, पण उशीर झाला म्हणून परत पाठवायचं नसतं.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती मला स्वतःला पण त्या दिवशीपर्यंत नीट लक्षात आली नव्हती. आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो, तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम उघडून साफ केली आणि विचारलं, काका, लहानपणी तीन डोस झालेत? सासरे म्हणाले, आमच्या लहानपणी कुठली इंजेक्शनं. बरोबरच आहे. देशात सगळ्या मुलांना लस द्यायचा कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला आणि १९८५ ला खऱ्या अर्थानं गावोगावी पोचायला लागला, सासरे तोवर बैल हाकत होते. ज्याचे आधी डोस झालेत त्याला एक बूस्टर दिला की शरीराला जुनी ओळख आठवते आणि थोड्याच दिवसांत अँटिबॉडी वर येतात. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच टोचतोय त्याला त्या एका इंजेक्शनचा ह्या जखमेसाठी फारसा उपयोग नाही, शरीर अजून पहिलीच्या वर्गात आहे. म्हणून अशांना लस एका दंडात आणि तयार अँटिबॉडी दुसऱ्या दंडात, दोन्ही देतात, आणि मग महिन्यानं दुसरा डोस, सहा महिन्यांनी तिसरा. बहुतेक ठिकाणी 'टीटी मारली' की विषय संपतो, पुढचे दोन कोण घेतंय.

घरी येऊन मी हिशेब केला. आमच्या घरात सगळ्या बायकांना डोस झालेत, कारण गरोदरपणात देतात. मुलांना शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. राहिले कोण, तर साठीच्या वरचे पुरुष, जे रोज चिखलात अनवाणी उतरतात. आमच्या गल्लीत नुसतं विचारत फिरले, एकालाही आठवेना. उद्यमबागच्या फौंड्रीत काम करणारे म्हणाले, आम्हाला लागलं की मारतात, पण कार्डबिर्ड काही नाही. दर दहा वर्षांनी एक बूस्टर घ्यायचा असतो हे किती जणांना माहिती आहे? आणि धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही परत होऊ शकतो, कारण मारायला पुरेल तेवढं विष शरीराला शिकवायला पुरत नाही, त्यालाही लस घ्यावीच लागते. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झालं असं २०१५ साली जाहीर झालं, फार मोठी गोष्ट आहे ती, पण निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी, शून्य नव्हे. देवीचा रोग गेला तसा हा जाणार नाही, कारण देवी माणसातून माणसात जायची आणि हा मातीत बसलाय. एकेकाळी जिथं देवीची लस तयार व्हायची त्या आपल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी एवढे लोक फिरायला येतात, त्यांच्यातल्या कितींचा बूस्टर झाला असेल कोण जाणे.

मधाचं राहिलं, ते थोडक्यात. माझ्या नणंदेला बाळ झालं तेव्हा खानापूरच्या जंगलातला मध मुद्दाम आणला होता, गुटी त्यातच उगाळायची म्हणून. मी नको म्हटल्यावर मोठा वाद झाला, शहाणपण शिकवते म्हणून मला बोलणी पण बसली. पण मधात कधीकधी त्या दुसऱ्या भावाचे, म्हणजे बोटुलिनमचं विष करणाऱ्या जंतूचे बीजाणू असतात. सगळ्याच मधात असतात असं नाही आणि मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही, आपल्या आतड्यात इतर जंतूंची एवढी वस्ती असते की ह्याला जागा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं मात्र मोकळं रान. तिथं बीजाणू रुजतो, विष करतो, ते नसांवर बसतं. आधी बाळाला शौचाला होत नाही, मग रडणं बारीक होतं, दूध ओढायला दम राहत नाही, मान पडते. १९७६ साली पहिल्यांदा हे ओळखलं गेलं. मध शुद्ध आहे, जंगलातला आहे, ह्यानं काही फरक पडत नाही. गुटी द्यायचीच असेल तर आईच्या दुधात द्या, आणि ते पण डॉक्टरांना विचारून, बाळ एक वर्षाचं झालं की मग चाटवा मध हवा तेवढा. बेल्जियममध्ये १८९५ ला मयताला वाजवायला गेलेले बँडवाले खारवलेलं मांस खाऊन असेच लुळे पडले होते, तिघं गेले, त्यातूनच व्हॅन एर्मेन्गेम ह्यांनी तो जंतू शोधला. मोठ्यांना होतं ते असं, नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून, म्हणून फुगलेला डबा फेकून द्यावा, चव बघायला सुद्धा जीभ लावू नये.

आता तुमच्याकडं विनंती. त्या हॉस्पिटलात भिंतीवर लसीचा तक्ता लावलाय, एक कन्नडमध्ये आणि एक इंग्रजीत. मला कन्नड वाचता येतं, माझी मुलं तर फाडफाड बोलतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, वाद पण घालायचा नाही, तो घालणारे पुष्कळ आहेत. पण सासरे चौथी शिकलेत, मराठीत. ते त्या तक्त्यासमोर अर्धा तास बसले होते आणि त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते रोज सकाळी चहाबरोबर तुमचा पेपर मात्र निधनवार्तांपासून बाजारभावापर्यंत पूर्ण वाचतात. तर लावणीच्या आणि मळणीच्या हंगामात बाजारभावाच्या शेजारी एक चौकट टाका, धनुर्वाताच्या लसीची, तीन डोस कधी, बूस्टर कधी, जखम झाल्यावर काय विचारायचं. सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी आता टीडी मिळते, तीच ती, त्यात घटसर्पाची पण लस असते, हे पण लिहा, नाहीतर लोक 'टीटी नाही म्हणाले' म्हणून परत येतात. हवी तर चौकट मी लिहून देते, पैसे नकोत.

सासरे बरे आहेत. पाय भरून आला, दुसरा डोस श्रावणात झाला, त्याला न भांडता आले. तिसरा संक्रांतीच्या सुमाराला आहे. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलं नाही म्हणून आत्तींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: संक्रांत, ह्यांचं इंजेक्शन.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव